प्रकाशकणांच्या पहाऱ्यातील गुप्त किल्ली

देवळाली कॅम्प म्हटले की तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र डोळ्यांसमोर येते. तोफखान्यात लक्ष्य हेरणारा निरीक्षक एकीकडे आणि तोफ कित्येक किलोमीटर दूर असते. दोघांमधील संदेश शत्रूच्या कानी पडला, तर अचूक नेमही व्यर्थ जातो. येथून काही किलोमीटरवर, नाशिकरोडला चलनी नोटांचा छापखाना आहे. नोटेची नक्कल होऊ नये, ही तेथील दक्षता. हे दोन प्रश्न वरकरणी निराळे दिसतात. परंतु संदेशाच्या रक्षणाची एक अगदी नवी पद्धत नोटेच्याच प्रश्नातून उगम पावली आहे.

सुमारे १९७० मध्ये स्टीफन वायझनर या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने अशी कल्पना मांडली की, नोटेत प्रकाशकण विशिष्ट अवस्थेत साठवता आले, तर तिची नक्कल निसर्गनियमानेच अशक्य होईल. हा लेख छापून येण्यास १९८३ साल उजाडले! अशी नोट काही निघाली नाही. मात्र त्याच कल्पनेवरून चार्ल्स बेनेट आणि जील ब्रासार यांनी गुप्त किल्ली पोहोचविण्याची पद्धत रचली आणि डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथील परिषदेत ती जगापुढे ठेवली. दोघांची आद्याक्षरे व ते वर्ष मिळून ती ‘बीबी-८४’ म्हणून ओळखली जाते.

किल्ली म्हणजे शून्य आणि एक या अंकांची लांबलचक मालिका होय. ती उभयतांखेरीज कोणास ठाऊक नसेल, संदेशाएवढी लांब असेल आणि एकदाच वापरली जाईल, तर संदेश फोडता येत नाही. अडचण असते ती ही किल्ली पलीकडे धाडण्याची. लाखेचा शिक्का मारलेला लखोटादेखील कुशल माणूस उघडून, वाचून, पूर्ववत बंद करू शकतो.

प्रकाशकणाचे तसे नाही. त्याच्या कंपनाची दिशा उभी-आडवी किंवा दोहों बाजूंनी तिरपी ठेवता येते. प्रेषक प्रत्येक अंकासाठी या दोन पद्धतींपैकी एक मनास येईल तशी निवडतो. ग्राहकही मोजमापाची पद्धत तशीच निवडतो. मग दोघे उघडपणे केवळ पद्धती पडताळतात, अंक सांगत नाहीत. जुळलेले, म्हणजे सुमारे निम्मे, अंक राहतात. मध्येच कोणी कण पकडला तर त्यालाही पद्धतीचा अंदाजच करावा लागतो. त्याची प्रत काढता येत नाही, आणि चुकीच्या पद्धतीने पाहताच त्याची मूळ अवस्था नष्ट होते. प्रत्येक कण असा पाहून पुढे धाडला, तर राखलेल्या अंकांपैकी सुमारे २५ टक्के चुकतात. म्हणून काही अंक ताडून पाहतात. चुका मर्यादेबाहेर गेल्या की किल्ली टाकून देतात. संदेश अद्याप निघालेलाच नसतो, ही यातील खरी खुबी.

आज प्रचारात असलेल्या अनेक किल्ल्या प्रचंड संख्यांचे अवयव पाडण्याच्या कठीणपणावर विसंबून आहेत. पुंज संगणकाला ते साधेल, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखविले. तसा समर्थ संगणक अजून झालेला नाही. पण आजचे संदेश साठवून ठेवून पुढे फोडणारा निघू शकतो, आणि शासनाचे कित्येक कागद दशकानुदशके गोपनीय राहावे लागतात. त्यामुळे हा विषय केवळ लष्कराचा मानणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि दिल्लीचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, अगोदरच टाकलेल्या काचतंतूंतून अशी किल्ली पाठविली. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाने २,००० किलोमीटरचे उद्दिष्ट ठेवले आहे.

हे अंतर गाठणे सोपे नाही. काचतंतूत ५० किलोमीटरला साधारण दहातला एक कण उरतो, १०० किलोमीटरला शंभरातला एक. क्षीण कणांची प्रत काढून त्यांना बळ देता येत नाही. चोराला आडवा येणारा नियम येथे आपल्यालाही आडवा येतो. यावर आजचा व्यवहार्य उपाय म्हणजे वाटेत ठाणी उभारून किल्ली पुढे सोपविणे. मात्र अशा ठाण्यात ती उघडी होते, म्हणून तेथे विश्वासू पहारा हवा. शिवाय नियम अभेद्य असला तरी यंत्र माणसाने घडविलेले असते. २०१० मध्ये संशोधकांनी प्रखर प्रकाशाने ग्राहकयंत्राचे डोळे दिपवून, बाजारातील यंत्रांची किल्ली मागमूस न लागता मिळवता येऊ शकते, हे दाखविले. आणि उघड बोलण्यात पलीकडचा माणूस खरोखर आपलाच आहे, याची खूणगाठ प्रकाशकण पटवून देत नाहीत. ती उभयतांनी आधीच ठरवून ठेवावी लागते.