गाडीचा स्टीरिओ: खोक्यावरचे वॅट आणि चोरीचा हिशेब

गाडीच्या स्टीरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असं ठळक छापलेलं असतं. म्हणजे एकूण २०० वॅट. प्रत्यक्षात वेगळा ॲम्प्लिफायर न लावता त्या संचातून एका स्पीकरला स्वच्छ आवाजाचे २६ वॅटसुद्धा मिळत नाहीत. दुसरा आकडा विम्याचा. २०,००० रुपयांचा स्टीरिओ तिसऱ्या वर्षी चोरीला गेला, तर विम्यातून जास्तीत जास्त १३,००० रुपये हाती येतात. त्यातले ११,८०० पुढच्या पाच वर्षांत वाढलेल्या हप्त्यातून परत जाऊ शकतात. स्टीरिओ घेण्याआधी या दोन्ही आकड्यांमागचं गणित समजून घ्यायला हवं.

उत्तनसारख्या गावात तर नक्कीच. इथे रेल्वे नाही, स्थानक भाईंदरचं. त्यामुळे ज्याला परवडते तो गाडी घेतो. पण कोळीवाड्यातल्या बोळांत गाडी दारापर्यंत जात नाही. ती नाक्यावर, चर्चच्या आवारात किंवा किनाऱ्यालगत उभी राहते. रविवारी बाहेरून येणाऱ्यांच्या गाड्यांची त्यात भर पडते. वेलंकनी मातेच्या ८ सप्टेंबरच्या सणाला तर रस्त्याच्या कडेला जागा उरत नाही. गाडी घरापासून दूर, नजरेआड आणि खाऱ्या वाऱ्यात उभी असते, हे धरूनच इथला हिशेब मांडायला हवा.

२०० वॅट येतात कुठून?

इंजिन चालू असताना गाडीतला विद्युतदाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. गाडीचे बहुतेक स्पीकर ४ ओहमचे. स्टीरिओच्या आतल्या ॲम्प्लिफायरला या १४.४ व्होल्टच्या पलीकडे जाता येत नाही. मग स्वच्छ आवाजासाठी जास्तीत जास्त शक्ती किती? १४.४ चा वर्ग २०७.४, भागिले ४ ओहमची दुप्पट, म्हणजे ८. उत्तर २५.९ वॅट. ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘आरएमएस’ म्हणून २०-२२ वॅटच्या आसपासचा आकडा असतो. तोच खरा.

५० कुठून आले? आवाज पूर्ण चढवून लहरींची टोकं सपाट कापली गेली की तोच २०७.४ हा आकडा ८ ऐवजी ४ ने भागता येतो. उत्तर ५१.८. पण तेव्हा गाणं फाटलेलं ऐकू येतं. कोणी सलग ऐकणार नाही अशा अवस्थेतला हा आकडा खोक्यावर छापला जातो. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारावा: १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, १ टक्क्याहून कमी विकृतीने आरएमएस किती? अमेरिकेतल्या सीईए-२००६ या मापनपद्धतीच्या अटी याच आहेत.

माहितीपत्रक नसेल, तर संच उलटा करून मागचा फ्यूज बघा. पात्याचा फ्यूज लाल असेल तर १० अँपिअरचा, निळा असेल तर १५ चा. १५ अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे २१६ वॅट. यातली निम्मी शक्ती उष्णतेत जाते असं धरलं, तर उरतात १०८. चार स्पीकरांत वाटले की प्रत्येकी २७. लाल फ्यूजच्या संचात हाच हिशेब १८ वर येतो. १० अँपिअरच्या फ्यूजवर कोणी २०० वॅटचा दावा करत असेल, तर तो दावा फ्यूजच खोटा ठरवतो.

पैसे कुठे घालावेत?

शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा, तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. आता स्पीकरकडे या. स्पीकरवर संवेदनशीलता लिहिलेली असते: ८७, ९०, ९३ डेसिबल. ९० ऐवजी ९३ चा स्पीकर लावला, तर २० वॅटचा स्टीरिओ ४० वॅटसारखा वाजतो. म्हणून बजेट मर्यादित असेल, तर साधा संच आणि चांगले स्पीकर हीच जोडी घ्यावी. किनाऱ्यावर कागदी कोनपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन दमट हवेत जास्त टिकतो.

आकाराचं माप ठरलेलं आहे. एका डिनचा संच साधारण १८० × ५० मिलिमीटर, दोन डिनचा १८० × १००. नऊ-दहा इंचांचे अँड्रॉइड पडदे या मापात बसत नाहीत. त्यांना त्या-त्या गाडीची वेगळी फ्रेम लागते. बसवणाऱ्याला सांगा की मूळ वायरी कापायच्या नाहीत, गाडीच्या मॉडेलचा कपलर लावायचा. वायर कापली की गाडीच्या विद्युत भागांच्या वॉरंटीवर कंपनी आक्षेप घेऊ शकते.

वेगळा ॲम्प्लिफायर लावणार असाल तर वायर तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त वायरीचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. शिवाय खाऱ्या हवेत तिची उघडी टोकं लवकर खराब होतात. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच.

बोट समुद्रावर, गाडी किनाऱ्यावर

स्टीरिओला वीज देणाऱ्या वायरी दोन. पिवळी थेट बॅटरीची, घड्याळ आणि स्मृती राखण्यासाठी. लाल किल्लीची. ‘किल्लीशिवाय गाणी वाजायला हवीत’ म्हटलं की काही बसवणारे लाल वायर पिवळीला जोडून देतात. मग गाडी बंद असली तरी संच पूर्ण झोपत नाही. समजा तो १०० मिलिअँपिअर खात राहिला. दिवसाला २.४ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. ती सात-आठ दिवसांत निम्मी होते. नीट जोडलेला संच ५ मिलिअँपिअर घेत असेल, तर दहा दिवसांत जेमतेम १.२ अँपिअर-तास जातात. ज्या घरचा माणूस आठ-दहा दिवस बोटीवर असतो, त्याने बसवून झाल्यावर मीटर लावून हा आकडा मोजून घ्यावा. दोन मिनिटांचं काम आहे.

चोराला काय परवडतं?

चोर जे पटकन विकलं जातं तेच काढतो. अलीकडे महाराष्ट्रात मारुती ईकोच्या सायलेन्सरच्या चोऱ्या झाल्या, त्या आतल्या प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंसाठी. स्टीरिओलाही हाच नियम लागू होतो. कंपनीतूनच बसवून आलेला आणि त्या गाडीच्या संगणकाशी जोडलेला किंवा बॅटरी सुटताच कोड मागणारा संच दुसऱ्या गाडीत सहज चालत नाही. बाजारातला नऊ इंची पडदा मात्र कुठेही बसतो. चोर फ्रेम ठेवतो, पडदा नेतो.

त्यामुळे स्वस्तातलं संरक्षण म्हणजे संच विकायला अवघड करणं. पुढची पट्टी निघणारा एक डिनचा संच घेतला, तर पट्टी खिशात टाकून जाता येतं. मागे राहिलेल्या डब्याला मोल उरत नाही. पण पट्टी गाडी उभी करण्याआधीच काढा, पार्किंगमध्ये काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका. ती कुठे ठेवली हे काचेबाहेर उभ्या असलेल्यालाही दिसतं. ब्रँडचे स्टिकर काचेवर लावू नका. संचाच्या धातूच्या पेटीवर गाडीचा नंबर कोरून घ्या, मागची पट्टी नट-बोल्टने आवळून घ्या. अनुक्रमांकाचा फोटो आणि पक्कं बिल फोनमध्ये ठेवा.

बिलाला कायद्यातही वजन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, आरोपी पहिल्यांदाच दोषी आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या वाहनातून वस्तू चोरली, तर कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत कैद. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बिलाविना अर्ध्या किमतीत मिळणारा ‘जुना पण चांगला’ पडदा घेताना हे कलम आठवावं.

विम्याचा ताळेबंद

बाहेरून बसवलेला स्टीरिओ पॉलिसीत वेगळा नोंदवला नाही, तर त्याची भरपाई मिळत नाही. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये अशा विद्युत उपकरणांसाठी दर किमतीच्या ४ टक्के होता. २००७ पासून दर मुक्त झाले, म्हणून आपल्या कंपनीला विचारावं. ४ टक्के धरून २०,००० च्या संचाचा हिशेब असा:

नोंदवलेली किंमत पहिल्या वर्षी २०,०००, दुसऱ्या वर्षी २० टक्के घट होऊन १६,०००, तिसऱ्या वर्षी ३० टक्के घट होऊन १४,०००. हप्ते ८०० + ६४० + ५६० = २,००० रुपये. १८ टक्के जीएसटीसह २,३६०.

तिसऱ्या वर्षी चोरी झाली. १४,००० मधून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचे सक्तीचे १,००० वजा. मिळतात १३,०००. प्लास्टिक भागांची घट लावली, तर त्याहून कमी.

पण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर येतो आणि २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० टक्क्यांवर पोचतो. ज्याचा बोनस आधीच ५० टक्के आहे, त्याचं पाच वर्षांतलं नुकसान ५० + ३० + २५ + १५ + ५ = १२५ टक्के. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० धरला, तर १०,००० रुपये, जीएसटीसह ११,८००. मिळालेले १३,००० वजा ११,८०० म्हणजे उरले १,२००. त्यासाठी भरले होते २,३६०.

ज्याचा बोनस आत्ता २० टक्केच आहे, त्याचं नुकसान याच रीतीने ८० टक्के, म्हणजे करासह ७,५५२ भरतं. त्याला दावा परवडतो. ५० टक्केवाल्याला याच उदाहरणात साधारण १८,३०० रुपयांखालच्या संचाचा दावा तोट्याचाच. बोनस संरक्षणाचं जोडकलम घेतलं असेल, तर हिशेब बदलतो. शिवाय ही नोंद अपघात, आग किंवा अख्खी गाडी चोरीला जाणं यांतही कामी येते, हे विसरू नये.

निष्कर्ष

दावा करा वा करू नका, तक्रार मात्र कराच. ११२ ला फोन करा. उत्तन सागरी पोलीस ठाणं मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाखाली येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. अनुक्रमांक नोंदवलेला असेल, तरच सापडलेला संच तुमचा म्हणून सिद्ध करता येतो.

उघड्यावर गाडी ठेवणाऱ्या उत्तनकराने पुढची पट्टी निघणारा एक डिनचा साधा संच, ९० डेसिबलच्या वरचे स्पीकर आणि तांब्याची वायर घ्यावी. महागडा पडदा हवाच असेल, तर बसवण्याच्या दिवशीच पॉलिसीत नोंदवावा. आणि आज घरी गेल्यावर एक काम कराच: आपल्या स्टीरिओचा अनुक्रमांक शोधून त्याचा फोटो काढून ठेवा.