डॉक्टरसाहेब शाळेत जातात!

शाळेत असताना ती कधी सुटेल याची वाट पाहायची आणि एकदा कायमची सुटली की जन्मभर तिच्या आठवणी काढायच्या, हा मनुष्यस्वभावच आहे. चार पोक्त गृहस्थ एकत्र जमले, फराळाची ताटे समोर आली, की बोलणे महागाईवरून निघते आणि हटकून शाळेतल्या मास्तरांवर येऊन ठेपते. कुणी मास्तरांची नक्कल करून दाखवतो, कुणी वर्गात केलेल्या खोडीची हकीकत तिखटमीठ लावून सांगतो. पण समजा, त्या बैठकीत असा एखादा गृहस्थ असला, की ज्याने शाळेची पायरी कधी चढलीच नाही, तर? बिचाऱ्याने सांगायचे काय?

नेमक्या या प्रश्नातून जर्मनीतला एक अफलातून विनोदी बोलपट जन्माला आला. त्याचे नाव 'डी फॉयरझांगेनबोवले'. तो १९४४ साली पडद्यावर आला. त्याला ऐंशी वर्षे उलटून गेली, तरी नाताळ आला की जर्मन कुटुंबे आजही टेलिव्हिजनपुढे बसून तो बघतात. आजोबांना, बापाला आणि नातवाला एकाच ठिकाणी हसू यावे, असे चित्रपट फार थोडे. हा त्यांतला एक.

चिमटा, साखर आणि जाळ

नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण ते आहे एका पेयाचे. तांबडी वाइन लवंगा, दालचिनी आणि संत्र्याची साल घालून गरम करायची. भांड्यावर एक चिमटा आडवा ठेवून त्यात साखरेचा सुळका धरायचा, त्यावर रम ओतायची आणि काडी ओढायची. निळसर ज्योत उठते आणि वितळलेली साखर थेंबाथेंबाने खाली ठिबकते. हिवाळ्याच्या रात्री मित्रमंडळींनी दिवे मालवून भोवती बसावे, असा हा थाट.

अशाच एका बैठकीत गोष्ट सुरू होते. म्हातारे मित्र शाळेतल्या गमती सांगून पोट धरधरून हसत आहेत. त्यांच्यात बसला आहे डॉक्टर योहानेस फायफर. वयाने तरुण, नावाजलेला लेखक. पण तो शिकला घरच्या घरी, शिकवणीच्या मास्तरांकडे. बाक नाही, घंटा नाही, सोबती नाहीत. मित्र कळवळून म्हणतात, अरेरे, म्हणजे आयुष्यातली खरी मौज तुझी हुकलीच की! आणि मग त्या पेयाच्या तारेत एक अचाट बेत शिजतो. फायफरने दाढी उतरवायची, कपडे बदलायचे आणि बाबेनबेर्ग नावाच्या आडगावी जाऊन हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात नाव घालायचे!

एकेक मास्तर म्हणजे एकेक नग

पुढे जी धमाल उडते, ती कागदावर सांगून कळण्यासारखी नाही. नाव घालतानाच गंमत. मास्तर विचारतात, फायफर एका 'एफ'चा की दोन? स्वारी गंभीर चेहऱ्याने उत्तर देते, तीन. एक आधी आणि दोन नंतर!

रसायनशास्त्राचे प्रोफेसर क्राय यांचे बोलणे नाकात आणि तोंड वाकडे करून. मुलांनी त्यांचे नाव पाडले आहे 'श्नाउत्स'. हे गृहस्थ साखरेची दारू कशी होते हे शिकवताना घरी केलेली रानबेरींची वाइन वर्गात आणतात आणि प्रत्येकाला अगदी चिमुकला घोट देतात. बस्स! सगळा वर्ग झिंगल्याचे सोंग करून डुलू लागतो, बरळू लागतो. घोटभरात असे कसे झाले म्हणून प्रोफेसर गोरेमोरे होतात. पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर ब्योमेल हे तर आजोबाच. वाफेचे इंजिन समजावताना ते म्हणतात, आपण अगदी अडाणी आहोत असे समजू. आणि मग त्या अवाढव्य यंत्राची एक मोठी काळी खोली करून टाकतात. हेडमास्तरांना मुले 'झ्यूस' म्हणतात. त्यांची मुलगी एफा हिच्यावर आपल्या तोतया विद्यार्थ्याचे मन बसते. एके दिवशी शाळेच्या दारावर बांधकामामुळे शाळा बंद असल्याची पाटी झळकते. ती कुणी लावली असेल, हे वाचकांना सांगायला नकोच!

शेवटी फायफर स्वतःच प्रोफेसर क्रायचे सोंग घेऊन वर्गावर उभा राहतो आणि नेमके त्याच वेळी शिक्षणखात्याचे वरिष्ठ अधिकारी तपासणीला येतात. पुढचा गोंधळ पडद्यावरच पाहावा.

पोरगेलासा एक्केचाळिशीचा नट

कथा हाइनरिश श्पोएर्ल या ड्युसेलडॉर्फच्या वकिलाची. त्याची कादंबरी १९३३ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच वर्षी तिच्यावर 'झो आइन फ्लेगेल' नावाचा एक चित्रपट निघाला. त्यातही काम केले होते हाइन्झ ऱ्यूमान या नटाने. पण लोकांच्या मनात ठसला तो दहा वर्षांनंतरचा, हेल्मूट वाइस याने दिग्दर्शित केलेला चित्रपट. १९४३ च्या वसंत ऋतूत बर्लिनजवळच्या बाबेल्सबेर्ग स्टुडिओत त्याचे चित्रण सुरू झाले, तेव्हा ऱ्यूमान एक्केचाळीस वर्षांचा होता. ठेंगणी मूर्ती, मिस्कील डोळे आणि चेहऱ्यावर साळसूदपणा. विद्यार्थ्याची टोपी घातली की तो खरोखर पोरगेलासा दिसतो. क्रायची भूमिका एरिश पोंटो याची. पुढे 'द थर्ड मॅन' या १९४९ च्या इंग्रजी चित्रपटात डॉक्टर विंकेलच्या भूमिकेत जो नट दिसतो, तो हाच.

आता वाचकांनी त्या सालाकडे जरा लक्ष द्यावे. १९४३! फेब्रुवारीच्या आरंभी स्टालिनग्राडला जर्मन सैन्याने शरणागती पत्करली होती. त्याच महिन्यात गोबेल्सने सर्वंकष युद्धाची आरोळी ठोकली होती. सतराअठरा वर्षांची मुले लष्करात ओढली जात होती. आणि स्टुडिओतल्या वर्गात बाकांवर जी मुले झिंगल्याचे सोंग करत होती, तीही याच वयाची होती. चित्रण जितके लांबेल तितके दिवस ही पोरे आघाडीपासून दूर राहतील, म्हणून कामाला मुद्दाम वेळ लावला गेला, अशी हकीकत सांगतात. त्यांतली काही मुले चित्रपट पडद्यावर येईपर्यंत रणांगणावर पडली होती, असेही सांगितले जाते. हे एकदा कानांवर आले, की तो रानबेरीच्या वाइनचा प्रसंग पाहताना हसता हसता घास अडकल्यासारखे होते.

विनोदावर वक्रदृष्टी

चित्रपट तयार झाला, तरी अडचण संपली नव्हती. त्या वेळचा शिक्षणमंत्री बेर्नहार्ड रुस्ट याने डोळे वटारले. शिक्षकांची अशी टवाळी केली तर शाळांमध्ये शिस्त राहायची कशी, हा त्याचा आक्षेप. तेव्हा ऱ्यूमान स्वतः चित्रपटाची प्रत घेऊन पूर्व प्रशियातल्या हिटलरच्या छावणीवर गेला. तिथे गोअरिंगने चित्रपट पाहिला आणि अखेर हिटलरकडून परवानगी मिळाली. २८ जानेवारी १९४४ रोजी बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला. त्याच रात्री ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर बाँबचा वर्षाव केला.

ज्याच्या एका होकारावर हे हसू अवलंबून राहिले, त्या माणसाचे नाव ऐकून आज अंगावर शहारा येतो. ऱ्यूमानच्या वागण्यावरही नंतर पुष्कळ टीका झाली. त्याची पहिली पत्नी ज्यू होती. त्यांचा घटस्फोट १९३८ साली झाला आणि ती स्वीडनला गेली. तिला वाचवण्यासाठीच हे केले असे काहीजण म्हणतात, तर आपली नटगिरी सांभाळण्यासाठी केले असे दुसरे म्हणतात. त्याची दुसरी पत्नी हेर्टा फायलर हिचे एक आजोबा ज्यू होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तो जुलमाविरुद्ध उभा ठाकलेला वीर नव्हता. सत्तेशी जुळवून घेत लोकांना हसवणारा तो एक नट होता.

चित्रपटातही एक जागा खटकते. सगळे मास्तर चक्रम, पण डॉक्टर ब्रेट नावाचा एक तरुण मास्तर मात्र कडक आणि रुबाबदार. लहान झाडे सरळ वाढावीत म्हणून त्यांना बांधून ठेवावे लागते, तसेच मुलांना शिस्तीने बांधावे, असे तो सांगतो. त्या राजवटीचा आवाज इथे ऐकू येतो, असे टीकाकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. गंमत अशी, की प्रेक्षकांनी ब्रेटला कधीच डोक्यावर घेतले नाही. लोकांच्या तोंडी राहिले ते नाकात बोलणारे क्राय आणि वाफेच्या इंजिनाची खोली करणारे ब्योमेल!

शेवटची कोपरखळी

चित्रपटाचा शेवट मोठा चमत्कारिक आहे. लग्न ठरते, सारे आनंदीआनंद होते आणि फायफर प्रेक्षकांकडे वळून सांगतो, की हे सगळे आपण रचलेले आहे. ते गाव, ते मास्तर, ती एफा, काहीच खरे नाही. खरी फक्त सुरुवातीची ती बैठक, आणि माणूस मनात बाळगतो त्या आठवणी आणि स्वप्ने. १९४४ सालच्या जर्मन प्रेक्षकाला हे ऐकताना काय वाटले असेल? पडद्यावर कौलारू घरे आणि शांत गल्ल्या, आणि बाहेर पडल्यावर विटामातीचे ढीग. तसे गाव कुठेच उरलेले नाही, हे त्याला निराळे सांगायची गरज नव्हती.

मोठ्या माणसाला शाळेत पाठवण्याची ही युक्ती पुढेही अनेकांनी वापरली. खुद्द याच कथेवर १९७० साली हेल्मूट कॉइटनरने नवा रंगीत चित्रपट काढला. अमेरिकेत 'बॅक टू स्कूल' (१९८६) मध्ये रॉडनी डेंजरफील्ड हा श्रीमंत बाप मुलाच्याच कॉलेजात दाखल झाला, तर 'बिली मॅडिसन' (१९९५) मध्ये ॲडम सँडलरने पहिलीपासून बारावीपर्यंतचे वर्ग दोन दोन आठवड्यांत उरकले. हशा तिथेही पिकतो, पण तिथे शाळा ही जिंकायची शर्यत आहे. फायफरला काही जिंकायचे नसते, त्याला फक्त बाकावर बसायचे असते.

ग्योटिंगेनसारख्या विद्यापीठांच्या गावांत आता डिसेंबरमध्ये विद्यार्थी व्याख्यानाच्या दालनांत गर्दी करून हा चित्रपट पाहतात. येताना गजराची घड्याळे आणि फुलबाज्या आणतात. पडद्यावर साखरेने पेट घेतला, की दालनात फुलबाज्या लागतात. नट बोलण्याआधीच त्याची वाक्ये हजारो कंठांतून निघतात. ही मुलेही त्या बाकांवरच्या मुलांच्याच वयाची, फक्त यांना परीक्षेपलीकडे कसली धास्ती नाही. वाचकहो, घरच्या मुलांबरोबर हा चित्रपट पाहण्याचा योग आला, तर आधी त्यांना पोटभर हसू द्या. १९४३ सालची गोष्ट मागाहून सांगा, पण सांगा मात्र नक्की.