क्षितिज दिसेनासे होते तेव्हा

३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या मेसन सिटी विमानतळावरून चार आसनांचे एक बीचक्राफ्ट बोनान्झा विमान उडाले आणि काही मिनिटांतच शेतात कोसळले. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स व जे. पी. रिचर्डसन हे तीन लोकप्रिय गायक आणि २१ वर्षांचा वैमानिक रॉजर पीटरसन असे चौघेही ठार झाले. बस गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडल्याने कडाक्याच्या थंडीतील प्रवास टाळण्यासाठी हे विमान ठरवले गेले होते. जग त्या गायकांसाठी हळहळले. अपघाताचा धडा मात्र त्या वैमानिकाच्या शिक्षणात आहे.

पीटरसन नवशिका नव्हता. त्याच्या खाती ७११ तासांचे उड्डाण जमा होते. केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून विमान चालवण्याचे शिक्षण त्याने सुमारे ५२ तास घेतले होते; त्याची लेखी परीक्षाही तो उत्तीर्ण झाला होता. मार्च १९५८ मधील प्रत्यक्ष उड्डाणाच्या चाचणीत मात्र तो अनुत्तीर्ण ठरला. पोथीतली वांगी पोथीतच राहिली होती.

हिमवर्षावाच्या काळोख्या रात्री क्षितिज नाहीसे होते. मग तोल राखणारी शरीराची जाणीवच माणसाला फसवते. विमान कलत असताना ते सरळ चालले आहे असे वाटते. अशा वेळी आधार असतो तो कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणाचा. या विमानातील ते उपकरण पीटरसनच्या सवयीचे नव्हते. विमानाचे नाक वर जाणे व खाली येणे ते उलट रीतीने दाखवी. खराब हवामानाचे दोन इशारेही त्याला कळवले गेले नव्हते. विमानाचा मागचा दिवा हळूहळू खाली जाताना मालकाने जमिनीवरून पाहिला.

चौकशीत मुख्य दोष वैमानिकाच्या अविचारी निर्णयाला दिला गेला, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या कंपनीचे ते विमान होते, तिलाही उपकरणांवर विसंबून उड्डाण करण्याचा परवाना नव्हता. ‘हे मला जमणार नाही’ असे २१ वर्षांच्या मुलाने म्हणावे ही अपेक्षा रास्त आहे; पण तसे म्हणण्याचे बळही त्याला शिकवावे लागते. नापास होणे हा कलंक नव्हे. ‘अजून नाही’ एवढेच तो निकाल सांगतो. ते विद्यार्थ्याने ऐकावे. आणि त्याला कामावर धाडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर त्याच्या आधी ऐकावे.