सरड्याच्या पिलांचे संगोपन

बंगळूरच्या एखाद्या जुन्या बागेत पावसाळ्याच्या दिवसांत मेंदीच्या कुंपणाकडे लक्षपूर्वक पाहिले असता करंगळीएवढे एक पिलू फांदीला बिलगून बसलेले दृष्टीस पडते. हा आपला नेहमीचा बागेतील सरडा होय. कानडीत त्यास ओतिक्यात म्हणतात. त्याची मादी ओलसर मातीत पुढच्या पायांनी खळगा खणते, त्यात बहुधा १० ते २० अंडी घालते, माती लोटून ती दाबून बसविते आणि निघून जाते. योग्य जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते व तेवढा काळ आतील गर्भाची वाढ थांबून राहते, असे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले आहे. इतकी चोखंदळ असलेली ही माता पुढे पिलांचे तोंडही पाहत नाही. पिलू पहिल्या दिवसांपासून स्वतःच शिकार करू लागते.

हेच स्वावलंबन पिंजऱ्यात अपघातास कारण होते. बियर्डेड ड्रॅगन या नावाने ओळखला जाणारा ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा आपल्या सरड्याच्याच कुलातील आहे. अनेक देशांत तो पाळला जात असल्यामुळे त्याच्या पिलांविषयी बराच अनुभव गाठीशी आहे. एका वेळी वीसेक पिले अंड्यांतून बाहेर पडतात आणि थोड्याच दिवसांत काहींची बोटे तुटलेली, काहींच्या शेपटीची टोके नाहीशी झालेली आढळतात. पाळणाऱ्यास वाटते, पिले भांडखोर आहेत. वास्तविक पिलाच्या दृष्टीने जे लहान आहे आणि हलते आहे ते भक्ष्य होय. भुकेल्या पिलासमोर भावंडाचे बोट हलले की ते त्यावर झडप घालते. यात वैर कसले?

पालीची शेपटी तुटली तर पुन्हा फुटते, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. या सरड्यांना ती सोय नाही. गेलेली शेपटी व गेलेले बोट कायमचे गेले. म्हणून उपचारापेक्षा प्रतिबंधावरच भर द्यावा लागतो. पिलांना दिवसातून अनेकदा खाद्य द्यावे. कीटक पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. एकाच दिवशी जन्मलेल्या पिलांतही काही झपाट्याने वाढतात, काही मागे राहतात. मोठी पिले ऊब घेण्याची जागा बळकावतात, लहानांना खाऊ देत नाहीत, आणि मग उपाशी व दुबळे पिलूच प्रथम चावले जाते. आकारमानानुसार गट पाडून त्यांना वेगळे ठेवावे; एकेकटे ठेवता आले तर उत्तमच. उबेची जागा एकच ठेवणे ही नेहमीची चूक होय. उन्हातील अतिनील किरण न मिळाल्यास शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत मुरत नाही, आणि साध्या उडीनेही हाड मोडते. काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी असते. पिलू उचलताना तळहात पोटाखाली सरकवावा, शेपटी कधीही धरू नये. जखमी पिलास तत्काळ वेगळे करून पशुवैद्यास दाखवावे.

आपल्या बागेतील सरडा मात्र पिंजऱ्यात आणण्याचे कारण नाही. तेथे चावऱ्या भावंडापासून दूर पळण्यास जागा असते, आणि शत्रू निराळे असतात: मांजर, कावळा, पेटविलेला पालापाचोळा. शिकविणारे कोणी नसले तरी हे प्राणी शिकतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ साली याच कुलातील खडकांवर राहणाऱ्या सरड्यांवर प्रयोग केले, तेव्हा शहरालगतचे सरडे सुरक्षित आसरा कोणता हे रानातील सरड्यांपेक्षा लवकर शिकले.

शाळेच्या बागेत वाफा खणताना पांढरी, चिवट कवचाची लांबट अंडी सापडली तर ती उलटीपालटी करू नयेत. आतील गर्भ कवचाच्या एका बाजूस चिकटलेला असतो व अंडे फिरविल्यास तो मरू शकतो. वरची बाजू वरच ठेवून त्याच ओलसर मातीने खळगा झाकावा, आणि वाफा दोन हात पलीकडे खणावा.