धुक्यातील भाडेकरू

लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात ऑगस्ट ते नोव्हेंबर १८८८ या काळात पाच स्त्रियांचे निर्घृण खून झाले. मारेकऱ्याला ‘जॅक द रिपर’ हे नाव मिळाले. पण तो कोण, हे कधीच सिद्ध झाले नाही. याच घटनांच्या प्रेरणेतून मारी बेलॉक लाउंड्स यांची ‘द लॉजर’ ही कादंबरी १९१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरील चित्रपटांत जॉन ब्राम दिग्दर्शित १९४४ चा हॉलिवूडपट अभिजात मानला जातो.

आर्थिक ओढगस्तीतील एक दाम्पत्य स्लेड नावाच्या अबोल गृहस्थाला खोल्या भाड्याने देते. तो रात्री-अपरात्री बाहेर पडतो, भिंतीवरील नट्यांची चित्रे उलटी करून ठेवतो. घरमालकिणीच्या मनात संशयाची पाल चुकचुकते. घरात तिची भाची किटी आहे आणि ती रंगभूमीवरील नर्तिका आहे. खुनी कोण, यापेक्षा तो आपल्याच छताखाली असेल तर, या विचाराने प्रेक्षकाचा श्वास रोखला जातो. हिचकॉकच्या १९२७ च्या मूकपटातील भाडेकरू निर्दोष ठरतो. ब्राम यांनी मात्र त्याला ही सूट दिलेली नाही.

किटीची भूमिका करणाऱ्या मर्ल ओबेरॉन यांचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. वर्णभेदाच्या त्या काळात आपले भारतीय मूळ लपवून त्या टास्मानियात जन्मल्याचे सांगत. स्लेड साकारणारे लेअर्ड क्रेगर यांची शोकांतिका वेगळीच. नायकाच्या भूमिका मिळाव्यात म्हणून त्यांनी झपाट्याने वजन घटवले. शरीराला ते सोसले नाही आणि डिसेंबर १९४४ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चित्रपटातील बळी रंगभूमीवरील स्त्रिया आहेत. हॉलिवूडच्या तत्कालीन नीतिसंहितेला पडद्यावर वेश्या दाखवणे मान्य नव्हते. वास्तवातील मेरी ॲन निकोल्स आणि ॲनी चॅपमन या दोघींना मृत्यूच्या रात्री सार्वजनिक निवाऱ्यातून बाहेर पडावे लागले होते, कारण खाटेचे भाडे द्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. निकोल्सला कमी पडले ते चार पेन्स. पडद्यावरच्या खुन्याला ऊबदार खोली सहज मिळते; त्या दोघींना साधी खाटही मिळाली नाही. चित्रपट पाहताना एवढे ध्यानात ठेवायला हवे.