मोबाइलच्या चिपमधील दोष व त्यांचा बंदोबस्त

पिकाला पाणी देताना बांध वरून धड दिसतो. परंतु खाली उंदराने बीळ केले असल्यास पाणी शेजारच्या वावरात निघून जाते व मालकास त्याचा पत्ता सकाळी लागतो. मोबाइल फोनच्या चिपमधील दोष याच जातीचा असतो. फोन चालतो, बोलणे होते, पैसे पाठविता येतात आणि तरीही आत वाट उघडी राहिलेली असते.

पडद्यावर जे दिसते ते फोनच्या मुख्य भागाचे काम होय. मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरींचा अर्थ लावण्याचे काम मोडेम नावाचा निराळा भाग करतो. त्याने कसे वागावे याची आज्ञावली कारखान्यातच भरून दिलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. मोडेम अहोरात्र बाहेरचे संदेश घेत असतो, ओळखीच्याचे तसेच अनोळख्याचेही. म्हणून या आज्ञावलीत चूक राहिली, तर मालकाने कोणतेही बटण न दाबताही परक्यास आत शिरता येते.

ही केवळ कल्पना नव्हे. गूगल कंपनीच्या प्रोजेक्ट झीरो या तपासणी पथकाने १६ मार्च २०२३ रोजी सॅमसंगच्या एक्झिनॉस मोडेममधील १८ दोष जाहीर केले. त्यांपैकी चार फारच गंभीर होते. हल्ला करणाऱ्यास केवळ फोनचा क्रमांक ठाऊक असणे पुरेसे होते. हे मोडेम सॅमसंग, विवो व पिक्सेल यांच्या काही फोनांत आणि काही मोटारगाड्यांतही होते. दुरुस्ती येईपर्यंत वाय-फाय कॉलिंग व व्होल्टी या सोयी बंद ठेवाव्यात, असा सल्ला त्या वेळी देण्यात आला. मात्र जिओचे जाळे ४जी व ५जीवरच चालत असल्याने तेथे व्होल्टी बंद केल्यास साधे बोलणेही थांबते. परदेशात दिलेला सल्ला आपल्या गावी जसाच्या तसा लागू पडतोच असे नाही, हे ग्रामसेवकांनी ध्यानात घ्यावे.

खरी दुरुस्ती म्हणजे सुधारलेली आज्ञावली. ती चिप बनविणाऱ्याकडून फोन बनविणाऱ्याकडे जाते व तेथून प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी तयार होऊन मालकाकडे येते. या प्रवासात महिने जातात. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या सदरात सुरक्षा अद्यतनाची तारीख दिलेली असते. ती अनेक महिन्यांपूर्वीची असेल, तर अद्यतनाच्या सदरात जाऊन नवीन आज्ञावली उतरवून घ्यावी. त्यापूर्वी फोन निम्म्याहून अधिक भारित असावा. काम चालू असता तो बंद करू नये. कंपनीने ज्या नमुन्यासाठी अद्यतन देणे थांबविले आहे, त्याचे दोष तसेच राहतात. अशा फोनवर बँकेचे व्यवहार न करणे बरे. तालुक्याच्या बाजारात जुना फोन स्वस्तात घेणाऱ्याने काचेवरील ओरखड्यांपेक्षा ही तारीख आधी पाहावी.

अद्यतन सेटिंगमधूनच घ्यावे. अनुदानाच्या वा योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल म्हणजे अद्यतन नव्हे. ती चोराने पाठविलेली किल्ली होय. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. उशीर झाला की पैसे अडविणे कठीण होते.

विहिरीवरील मोबाइल स्टार्टरमध्येही सिमकार्ड व लहानसा मोडेम असतो. रात्री थ्री-फेज वीज आली की घरबसल्या मोटार सुरू करता येते, ही मोठीच सोय. परंतु पेटी बसविल्यावर तिच्याकडे कोणी पाहत नाही आणि कारखान्यातून आलेला संकेतशब्द वर्षानुवर्षे तसाच राहतो. तो प्रथम बदलावा. पेटीतील सिमचा क्रमांक पेटीवर रंगवू नये आणि केवळ घरच्यांचेच क्रमांक तिच्यात नोंदवावेत. नवीन आज्ञावली कशी भरली जाते, हे खरेदीच्या वेळीच दुकानदारास विचारावे. त्यास उत्तर देता आले नाही, तर दुसरे दुकान पाहावे. मोटारीचा हाताने चालणारा मेन स्विच मात्र सुस्थितीत ठेवावा, म्हणजे मोटार आपोआप सुरू होऊ लागल्यास वीज तेथेच तोडून पेटी तपासणीस नेता येते.