पंखाच्या पोटातील वाटा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला मराठी शिकवले नाही. ते पदार्थविज्ञान शिकवीत, आणि त्या विषयात मला कधीही चांगले गुण पडले नाहीत. पुढे मी जन्मभर मराठीचे अध्यापन केले, त्यामुळे आज मी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील बोलीवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु गुरुजींचे स्मरण करताना मला आठवते ती त्यांची एक खोड. वर्गातील दिव्याचे बटण बिघडले की ते लाकडी फलकाचे स्क्रू काढीत, फलक उलटा धरीत आणि म्हणत, "आता मागची बाजू पाहा." आज मीही एका वस्तूची आतली बाजू दाखवणार आहे. घरी बांधलेल्या छोट्या विमानाच्या पंखातून विजेच्या तारा आणि नळ्या कशा नेतात, हा माझा विषय आहे.

विषय दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. आपल्या आदिलाबादला निजामाच्या काळातील धावपट्टी आहे. आमच्या लहानपणी तिच्यावर विमानांपेक्षा गुरेच अधिक दिसत. आणि विमान घरी बांधता येते, हे सिद्ध करणारा मनुष्य मराठीच आहे. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी ते सुटे करून खाली आणावे लागले. २०१७च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याला चाचणी-उड्डाणांचा पहिला टप्पा पार पडला. त्या विमानाच्या आत मी डोकावलेलो नाही. मी आतून पाहिलेले विमान माझ्या भाच्याचे. तो अमेरिकेत राहतो, आणि २०११ साली निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये मोटारीच्या जागी दोन आसनी विमानाचा डावा पंख उभा होता. तिथे हौशी मनुष्याने विमानाचा निम्म्याहून अधिक भाग स्वतः केला असेल, तर त्याला ते उडवण्याचा परवाना मिळू शकतो. मामा रिकामा आहे हे पाहून भाच्याने मला कामाला लावले.

पंख म्हणजे एक भरीव फळी, अशी माझी समजूत होती. वस्तुतः तो आतून पोकळ असतो. लांबीच्या दिशेने एक मजबूत तुळई जाते, तिला स्पार म्हणतात. तिला काटकोनात पातळ पत्र्याच्या फासळ्या बसवतात आणि त्यांवर अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून जडवतात. शेवटचा पत्रा बसला की पंखाचे पोट मिटले. पुढे आत हात घालायला दोन-चार झाकणे तेवढी उरतात. म्हणून जे काही आतून न्यायचे, त्याची वाट पत्रा बसण्यापूर्वी ठरली पाहिजे. ज्यांनी अलीकडे घर बांधले आहे त्यांना हे सांगायला नको. स्लॅब ओतण्यापूर्वी नळ्या टाकल्या नाहीत, तर पुढे छिन्नी-हातोडा घेऊन भिंती फोडाव्या लागतात. घराची भिंत फोडून लिंपता येते. पंखाला हे सुख नाही.

आतून जाते तरी काय काय? पंखाच्या टोकाला दिवे असतात, डाव्या टोकाला तांबडा आणि उजव्याला हिरवा. त्यांच्याजवळ लखलखणारा इशाऱ्याचा दिवा, आणि बहुधा उतरताना लागणारा प्रखर दिवा. या साऱ्यांच्या तारा. वेग मोजणाऱ्या पिटो नळीपासून वैमानिकापुढील तबकडीपर्यंत जाणारी हवेची बारीक नळी. पंखातच टाकी असेल तर इंधनाची नळी. आणि पंखाच्या मागच्या कडेवरील हलणारी झडप, म्हणजे एलेरॉन, फिरवणारा दांडा. हा दांडा मागेपुढे सरकतो, म्हणून तारांची वाट त्याच्यापासून दूर ठेवावी लागते. सैल पडलेल्या तारेचा एखादा वेढा त्याच्यात अडकला, तर वैमानिकाच्या हातातील सुकाणूच अडते. भाचा प्रत्येक नळी बसवल्यावर तो दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाही. मला तो अतिरेक वाटे.

भोक कुठे पाडायचे, हा पहिला प्रश्न. उड्डाणात पंख वर वाकू पाहतो. त्यामुळे स्पारची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. या दोन पट्ट्यांना भोक पाडणे म्हणजे पंखाच्या मुळावर घाव घालणे होय. मधल्या उंचीवर हा ताण सर्वांत कमी असतो. फासळ्यांनाही भोक पाडायचे ते कडेपासून आत, आणि शक्य तर विमानाच्या आराखड्यात दिलेल्या जागीच. आमच्या पंखात ही भोके पाऊण इंचाची, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरची होती, आणि त्यांतून वळ्यावळ्यांची हलकी प्लास्टिकची नळी ओवायची होती. वळ्यांमुळे ती भोकात आपोआप अडकून बसते. घरातील विजेची पांढरी पीव्हीसी नळी स्वस्त आहे, पण जड आहे, आणि जळाली तर तिच्यातून आम्लाचा विषारी धूर निघतो. तारांचे वेष्टनही याच कारणाने पीव्हीसीचे न घेता टेफझेल नावाच्या द्रव्याचे घेतात. ते सुमारे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. शिवाय विमानात वीज १२ व्होल्टची. साठ वॅटचा दिवा घरच्या २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, तोच इथे ५ अँपिअर घेतो. म्हणून तार जाड लागते आणि नळी ऐसपैस.

दुसरा प्रश्न भोकाच्या कडेचा. पातळ पत्र्याची कड ही सुरीच असते. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४०. तेवढी थरथर प्रत्येक फासळीला पोचते. उघडी तार त्या कडेवर टेकली तर सुरी चाळीसदा फिरते. यासाठी, जिथे नळी संपून तारा उघड्या जातात तिथे भोकात रबराची खोबणीदार कडी बसवतात. तिला ग्रोमेट म्हणतात.

तिसरी गोष्ट दोऱ्याची, आणि ती मला सर्वांत आवडली. नळी बसवताना तिच्यातून एक मजबूत नायलॉनचा दोरा ओवून ठेवतात. तारा ओढताना दोऱ्याला तारा बांधतात आणि त्यांच्यासोबत नवा दोराही बांधतात. म्हणजे तारा आत गेल्या तरी एक दोरा मोकळा राहतो, पुढच्या कामासाठी. विजारीची नाडी आत गेली म्हणजे काय होते, ते आपण सारे जाणतो. मराठीत नाडी म्हणजे विजार बांधायची दोरी, नाडी म्हणजे वैद्य पाहतो ती, आणि योगशास्त्रात नाडी म्हणजे शरीरातील वाहिनी. व्युत्पत्तीच्या वादात मी शिरत नाही. पण नळी, तीतून वाहणारे आणि ओढायची दोरी या तिन्हींना एकच शब्द असावा, याचे त्या गॅरेजमध्ये मला फार नवल वाटले होते.

आता माझी कबुली. डाव्या पंखातील तारा मी ओढल्या. काम संपल्यावर नळीच्या दोन्ही तोंडांतून एक दोरा लोंबत होता. जन्मभर उत्तरपत्रिका आणि मुद्रिते तपासलेला मनुष्य मी. लोंबणारे काही मला सहन होत नाही. मी तो ओढून काढला आणि गुंडाळून डब्यात टाकला. त्याहून वाईट म्हणजे टोकाच्या शेवटच्या फासळीत रबरी कडी बसवण्याचे काम माझ्याकडे होते. ती दोनदा निसटली. बोटे थंडीने आखडली होती. तिसऱ्या वेळी मी ती स्वेटरच्या खिशात टाकली. संध्याकाळी भाच्याने विचारले, "मामा, टोकाचं झालं का?" मी म्हणालो, "झालं." दुसऱ्या दिवशी पंखाचे टोक बंद झाले.

पाच वर्षे विमान उडत राहिले. भाच्यासोबत त्याची शाळकरी मुलगीही बसे. तिची छायाचित्रे मी इथे सर्वांना दाखवीत असे. २०१६ साली त्याने थंड हवेसाठी तापणारी पिटो नळी बसवायचे ठरवले. तिला दहाएक अँपिअर प्रवाह, म्हणजे जाड तार. नळीत दोरा नाही, हे पाहून त्याने दिव्याची जुनी तारच दोरा म्हणून वापरायचे ठरवले आणि ती टोकाकडून ओढून काढली. शेवटच्या फासळीपाशी तिचे वेष्टन घासून गेले होते आणि आतले तांबे दिसत होते. त्याने फोन केला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, त्या भोकात कडी नव्हती." मी काय उत्तर दिले, ते मला आठवत नाही.

घासलेल्या तारेने काय होते, याच्या कथा मी त्यानंतर वाचल्या. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे ८०० क्रमांकाचे विमान इंधनटाकीच्या स्फोटाने कोसळले आणि २३० माणसे गेली. टाकीबाहेरच्या तारांत लघुमंडल होऊन इंधन मोजणाऱ्या तारांवाटे वीज टाकीत शिरली असावी, हे सर्वांत संभाव्य कारण तपासात ठरले. इंधनाची नळी आणि तारा वेगळ्या वाटेने न्याव्यात, आणि एकमेकींना ओलांडाव्या लागल्याच तर तार वर आणि इंधन खाली असावे, हा नियम मला भाच्याने सांगितला होता. इंधन ठिबकते ते खाली, इतके साधे त्याचे कारण आहे.

हवेच्या नळीचे शत्रू वेगळे. पाणी हा पहिला. पंखात दव जमते, म्हणून ती नळी एकसारख्या उताराने न्यावी लागते. मध्ये झोळ पडला तर तिथे पाण्याचा बोळा बसतो आणि वेगाची तबकडी खोटे बोलू लागते. तारांच्या नळीलाही सर्वांत खालच्या जागी बारीक छिद्र ठेवतात. दुसरा शत्रू आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत, रिकाम्या कुलपात मातीचे घर करणारी कुंभारीण माशी. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी बर्गनएअरचे विमान डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडाले आणि समुद्रात पडले. १८९ जण गेले. काही दिवस झाकणाविना राहिलेल्या पिटो नळीत अशाच माशीने घर केले असावे, असा तपासाचा कयास होता. हेन्री पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली नदीच्या पाण्याचा वेग मोजायला ही वाकडी नळी केली होती. आज भाचा विमान उभे केले की प्रथम तिच्यावर तांबडी फीत लावलेले आवरण चढवतो.

सगळेच पंख पत्र्याचे नसतात. बर्ट रुटान या अमेरिकन अभियंत्याच्या आराखड्यांत पंख फोमचा कापून त्यावर काचतंतूंचे कापड राळेने चिकटवतात. तिथे नळी फोममध्ये चर पाडून आधीच पुरावी लागते, आणि पत्र्याचा पंख जसा दिव्याच्या परतीच्या प्रवाहाला वाट देतो तशी वाट इथे नसल्याने परतीची तारही वेगळी न्यावी लागते. त्या पंखाला पुढे उघडायची सोय जवळजवळ नाहीच.

व्यासपीठाजवळच्या टेबलावर शाळेच्या कार्यशाळेतील मुलांनी पत्रा कापून केलेल्या चार फासळ्या उभ्या आहेत आणि त्यांतून दोन नळ्या नेल्या आहेत. शेजारी बशीत एक काळी रबरी कडी आहे. ती स्वेटरच्या खिशातून माझ्याबरोबर इथवर आली. शेवटच्या फासळीचे भोक मोकळे ठेवले आहे. ज्यांना बसवून पाहायची असेल त्यांनी पुढे यावे. ती एकदोनदा निसटेल. तारा ओढून पाहायच्या असतील, तर डावीकडच्या नळीत दोरा ठेवलेला आहे. उजवीकडच्या नळीत नाही.